बाबावाक्य आणि नवाचा ताळा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात गणितावर लिहावे, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. माझ्या मैत्रिणींनाही तसेच वाटले. ‘अगं, कविता दे, नाहीतर आईवर लेख दे,’ असे त्यांनी सुचविले. आईवर लिहायला मला आवडले असते. पण आईवर लिहायचे तर मला गणितावरच लिहावे लागते, ते कसे हे पुढे येईलच.

प्रथम एक कबुली देते. मी कला शाखेत आले ती साहित्याच्या ओढीने नव्हे. गणिताच्या भीतीने आले. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की गाव रिकामे होते आणि पाडव्याच्या सुमारास पुन्हा भरते. लहानपणी दोन वर्षे मीही त्यांच्याबरोबर फडावर गेले होते. परत आले तेव्हा वर्ग अपूर्णांकांवर पोचलेला होता आणि मी पूर्णांकातच अडकले होते. नववीत गणितात नापास झाले तेव्हा एक शिक्षक सर्वांदेखत म्हणाले, ‘हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही.’ ‘तुझ्याच्यानं’ म्हणाले असते तर कदाचित कमी लागले असते. ‘तुमच्याच्यानं’ या एका शब्दात आमचे अख्खे घर, आमची वस्ती आणि आमचे सगळे कोयते आले. मी ते वाक्य खरे मानले. शिक्षक बोलले, म्हणजे ते खरेच असणार!

‘बाबावाक्यं प्रमाणम्’ ते हेच.

पुढे या वर्षी जूनमध्ये एका दुपारी धो धो पाऊस पडत होता आणि एस.टी. येत नव्हती, म्हणून ग्रंथालयात बसले होते. हाती आले ते संख्यांविषयीचे एक जुने पुस्तक. चाळता चाळता एका ठिकाणी थांबले. तिथे एका मोठ्या माणसाच्या चुकांची गोष्ट होती. मोठ्या माणसांच्या चुका वाचायला कोणाला आवडत नाहीत!

गोष्ट अशी. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही नि:शेष भाग जात नाही, ती मूळ संख्या, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो आहोत. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या. या संख्या कधी संपत नाहीत, हे युक्लिडने सुमारे दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीच सिद्ध केले. पण एखादी प्रचंड संख्या समोर ठेवली आणि ‘ही मूळ आहे काय?’ असे विचारले, तर उत्तर देणे सोपे नाही. म्हणून गणितज्ञांनी एका खास घराण्याकडे लक्ष दिले. एक दाणा घ्या, तो दुप्पट करा, पुन्हा दुप्पट करा, असे ठरावीक वेळा करून शेवटी त्यातून एक दाणा काढून घ्या. दोनदा दुप्पट करून एक काढला की ३ उरतात, तीनदा केले की ७, पाचदा केले की ३१, सातदा केले की १२७. या चारही मूळ संख्या आहेत. पण अकरा वेळा दुप्पट करून एक काढला की २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. म्हणजे हा नियम नेहमी चालत नाही. कधी चालतो आणि कधी फसतो, हाच खरा प्रश्न.

फ्रान्समध्ये मेर्सेन नावाचा एक धर्मगुरू होता (१५८८–१६४८). युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्याने १६४४ साली एक यादी छापली. दोनाचा २५७ व्या घातापर्यंत विचार केला तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या घातांकांनाच मूळ संख्या मिळतात, असे त्याने सांगितले. सिद्धता मात्र दिली नाही. दोनाचा २५७ वा घात म्हणजे ७८ अंकी संख्या! त्या काळात ती कोण पडताळून पाहणार? पुढच्या काळात ऑयलरसारख्या महापंडिताने १७७२ साली ३१ या घातांकाची संख्या, म्हणजे २१४७४८३६४७, मूळ असल्याचे सिद्ध केले, आणि मेर्सेनचा शब्द आणखी वजनदार झाला.

पण यादीत पाच चुका होत्या! ६७ आणि २५७ हे दोन घातांक त्यात असायला नको होते, आणि ६१, ८९ व १०७ हे तीन राहून गेले होते. ६१ ची चूक १८८३ साली दाखविली ती पेर्वूशिन या रशियातल्या एका खेड्यातल्या धर्मोपदेशकाने. ८९ आणि १०७ या दोन घातांकांच्या संख्या मूळ असल्याचे १९११ आणि १९१४ साली दाखविले ते पॉवर्स नावाच्या एका हौशी अमेरिकन माणसाने. सगळी यादी तपासून पुरी व्हायला १९४७ साल उजाडले. १६४४ पासून १९४७ पर्यंत तीनशे तीन वर्षे झाली. आमच्या वस्तीच्या हिशेबाने दहाबारा पिढ्या.

हे वाचून माझ्या मनात आले, की तीनशे वर्षे चुकीची राहिलेली एक यादी एका खेड्यातला धर्मोपदेशक दुरुस्त करू शकतो, तर ‘हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही’ हे वाक्य मी का तपासू नये? त्या वाक्याचीही कोणी सिद्धता दिलेली नव्हती.

आता या गोष्टीतल्या दोन संख्यांकडे वळते, कारण त्यांनीच मला शिकविले. एक आहे दोनाचा १२७ वा घात वजा एक. ती पूर्ण लिहून दाखविते :

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

एकोणचाळीस अंक. लुकास नावाच्या फ्रेंच शिक्षकाने १८७६ साली ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. त्या वेळी संगणक नव्हता. पुढे पंचाहत्तर वर्षे, म्हणजे १९५१ पर्यंत, हीच माणसाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. एकेका संख्येने भागून पाहायचे म्हटले असते तर लुकासचा जन्म काय, त्याच्या नातवंडांचे जन्मही पुरले नसते. त्याने दुसरीच वाट काढली. लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने १९३० साली ती इतकी सोपी करून मांडली, की ती मलाही समजली. म्हणून वाचकांनाही समजेल.

चारापासून सुरुवात करा. त्याचा वर्ग करा, दोन वजा करा, आणि जी संख्या तपासायची तिने भागून बाकी घ्या. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करायचे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर मूळ नाही. ३१ चे उदाहरण घेऊ. घातांक पाच, म्हणजे तीन पायऱ्या. चाराचा वर्ग सोळा, वजा दोन चौदा. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन १९४, ३१ ने भागून बाकी आठ. आठाचा वर्ग ६४, वजा दोन ६२, आणि ३१ दुणे ६२, बाकी शून्य! ३१ ही मूळ संख्या ठरली. मग मी २०४७ घेतली. नऊ पायऱ्या होत्या. १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ अशा बाक्या येत गेल्या आणि शेवटी आली १७३६. शून्य नाही. म्हणजे २०४७ ही मूळ संख्या नव्हे.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या नऊ पायऱ्यांत २३ आणि ८९ हे अवयव कुठेच दिसले नाहीत. संख्या फुटते हे कळले, पण कुठे फुटते ते कळले नाही. लुकासचे असेच झाले. १८७६ सालीच त्याने दाखविले, की दोनाचा ६७ वा घात वजा एक ही संख्या मूळ नाही, मेर्सेन चुकला. पण तिचे अवयव त्याच्या हाती आले नाहीत. ते सापडायला आणखी सत्तावीस वर्षे लागली.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कला अमेरिकन गणितज्ञांची सभा भरली होती. कोल नावाचे प्राध्यापक फळ्यापाशी गेले. असे सांगतात, की ते एक शब्दही बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूस त्यांनी दोनाचा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला. दुसऱ्या बाजूस एक गुणाकार मांडला :

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

दोन्हीकडे उत्तर एकच आले, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्या वाजविल्या. हे शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले, असे पुढे त्यांनी कोणाला सांगितले म्हणतात. ते बोलले की नाही, टाळ्या किती वाजल्या, हे ऐकीव आहे. पण तो गुणाकार ऐकीव नाही. तो कोणालाही करून पाहता येतो. न्यूयॉर्कच्या सभेत बसण्याची गरज नाही. फी भरण्याची नाही आणि कोणाची शिफारस तर नाहीच नाही.

मी तो केला. वसतिगृहात, रविवारीच केला! आधी दोनाची दुप्पट सदुसष्ट वेळा करीत गेले, त्याला दोन पाने लागली. मग गुणाकार मांडला. पहिल्यांदा उत्तर चुकले. कुठेतरी हातचा राहिला होता. माझ्या मनाने लगेच ते जुने वाक्य उच्चारले, ‘तुमच्याच्यानं व्हायचं नाही.’ मग मला प्राथमिक शाळेतल्या गुरुजींचा नवाचा ताळा आठवला. संख्येचे अंक मिळवीत जायचे, शेवटी एक अंक उरेपर्यंत. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, तिची दहा, तिची एक. दुसऱ्याची ६४, मग दहा, मग एक. एक गुणिले एक म्हणजे एक. मग उत्तराचा ताळाही एकच यायला हवा. पुस्तकातल्या उत्तराची बेरीज १०९, मग दहा, मग एक. जुळला! माझ्या उत्तराचा मात्र जुळत नव्हता. मग एकेका ओळीचा ताळा घेत गेले, आणि सहाव्या ओळीत हातचा सापडला. दुरुस्त केला, सगळे एकवीस अंक जुळले. रात्रीचे साडेअकरा झाले होते. टाळ्या वाजवायला कोणी नव्हते, पण त्याचे मला काही वाटले नाही.

एखाद्याला वाटेल, यात काय मोठेसे? पोरगी एक गुणाकार करते आणि त्यावर लेख लिहिते! त्यांना माझे सांगणे असे, की माझ्या आयुष्यात एखादी गोष्ट ‘सर म्हणाले म्हणून’ नव्हे, ‘पुस्तकात आहे म्हणून’ नव्हे, तर ‘मी स्वतः पाहिली म्हणून’ खरी ठरण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या गुणाकारापुढे कोल, मेर्सेन आणि मी, तिघेही सारखेच. मेर्सेनचा मोठेपणा त्याला वाचवू शकला नाही आणि माझे लहानपण मला आडवे आले नाही.

परंतु ताळ्याचीही एक मर्यादा आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख अप्रामाणिक होईल. ताळा चुकला तर गणित नक्की चूक. पण ताळा जुळला म्हणजे गणित नक्की बरोबर, असे मात्र नाही. दोन अंकांची अदलाबदल झाली तर अंकांची बेरीज तीच राहते, ताळा जुळतो आणि चूक लपते. मूळ संख्यांच्या बाबतीतही असा एक फसवा ताळा आहे. दोनाशिवाय कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्याहून एकाने लहान असलेला दोनाचा घात काढा आणि तिने भागा, बाकी एकच येते. साताचे पाहा : दोनाचा सहावा घात ६४, त्यातून ६३ गेले, बाकी एक. हा फेर्माचा नियम. पण ३४१ ही संख्याही या परीक्षेत उत्तीर्ण होते! दोनाचा दहावा घात १०२४, आणि ३४१ त्रिक १०२३, बाकी एक. त्यामुळे दोनाच्या ३४० व्या घाताचीही बाकी एकच. असे असून ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१. वेष मूळ संख्येचा, पण आत दोन भागीदार!

हे वाचले आणि मला घरातला पत्र्याचा डबा आठवला.

माझे आईवडील बैलगाडीवाले. गाडी काट्यावर गेली, की प्रत्येक खेपेची वजनाची पावती मिळते. दादांना वाचता येत नाही, पण कागद फेकायचा नाही एवढे त्यांना ठाऊक आहे. सगळ्या पावत्या ते एका डब्यात घालतात. गेल्या हंगामाचा हिशेब झाला तेव्हा मुकादमाने वही उघडून सांगितले, की उचल फिटली नाही, एवढी एवढी बाकी अंगावर आहे. दादांनी ‘बरं’ म्हटले. आमच्याकडे ‘बरं’ हीच सही असते. उन्हाळ्याच्या सुटीत मी सहज म्हणून त्या पावत्यांवर नवाचा ताळा घेतला होता. प्रत्येक पावतीचा अंक काढून त्यांची बेरीज केली, सात आले. मुकादमाच्या वहीतला आकडा दादांना पाठ होता, २१३ टन ४६० किलो. त्याचाही ताळा सात. जुळला! मी आईला म्हणाले, ‘हिशेब बरोबर आहे गं.’ आईला किती बरे वाटले!

३४१ ची गोष्ट वाचल्यावर मला त्या ‘बरोबर आहे गं’ची लाज वाटू लागली. दिवाळीच्या सुटीत घरी गेले आणि सगळ्या पावत्यांची पुरी बेरीज केली. दोनदा केली. आली २३१ टन ४६० किलो. २३१ चे २१३ झाले होते. अठरा टन ऊस, म्हणजे आईदादांनी थंडीत पहाटे उठून तोडलेला, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहिलेला अठरा टन ऊस, दोन अंकांच्या अदलाबदलीत नाहीसा झाला होता.

दादा म्हणाले, ‘मुकादमाला आसं इचारतेत व्हय? उद्या उचल कोण देईल?’ त्यांचे भय खोटे नव्हते. हंगाम तोंडावर होता, बैलांचे पाहायचे होते, माझी फी होती. दोन दिवस घरात कोणी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुकादम नव्या हंगामाचे ठरवायला आले. मी चहा ठेवला. कोणी काही बोलेना. शेवटी आईनेच तो डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘पोरगी कालेजात जाती. तिनं बेरीज केली हाय. येकदा बघा.’ मुकादमांनी माझा कागद पाहिला, वही पाहिली, चारसहा पावत्या उलटसुलट केल्या. मग म्हणाले, ‘चुकून झालं आसंल,’ आणि आकडा खोडून नवा लिहिला. ते चुकून झाले की मुद्दाम, हे ताळा सांगत नाही. लुकासप्रमाणे मलाही एवढेच कळले, की संख्या फुटते. पण आकडा दुरुस्त झाला. अंगावरची बाकी शून्य झाली नाही, थोडी कमी झाली. उचलही मिळाली. मुकादम निघताना दादांना म्हणाले, ‘औंदा वही पोरीला दाखवूनच सही घेतो.’ थट्टेने म्हणाले की मनापासून, ते येत्या पाडव्याला कळेल.

आता माझे मत मांडते. आपल्या शिक्षणात सर्वांत मोठी उणीव कोणती असेल, तर ताळा घेण्याची सवय आपल्याला नाही ही. आपण कला शाखेचे विद्यार्थी तर याबाबतीत फारच पुढे! कवितेचे रसग्रहण आपण गाईडमधून लिहितो. कविता न वाचताच ‘कवीची प्रतिमासृष्टी समृद्ध आहे’ असे ठोकून देतो. इतिहासात एकाने लिहिलेली सनावळी दहाजण उतरवितात. मोबाईलवर आलेला मजकूर खरा की खोटा हे न पाहता शंभर जणांना पाठवितो. वर पुन्हा म्हणतो, ‘गणित आमचा विषय नाही.’ अहो, ताळा हा गणिताचा विषयच नव्हे. कवितेची ओळ मुळातून वाचणे हाही ताळाच आहे. सनावळी दुसऱ्या ग्रंथाशी ताडून पाहणे हाही ताळाच.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की असे प्रत्येकाला तपासत बसले तर विश्वास कुठे राहील? घर, गाव, कॉलेज विश्वासावर चालते. मला हे मान्य आहे. परंतु ताळा म्हणजे अविश्वास नव्हे. गुरुजी आम्हाला ताळा शिकवीत तेव्हा स्वतःच्याच गणिताचा घ्यायला शिकवीत. अमेरिकेतल्या एका माणसाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक ही मूळ संख्या शोधून काढली. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत! आधी फेर्माच्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. तेवढ्यावर कोणी पेढे वाटले नाहीत. मग लुकास आणि लेहमर यांची परीक्षा झाली, तीही वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या आज्ञावलींनी, पुन:पुन्हा. त्यानंतरच ती जाहीर केली. यात शोधणाऱ्याचा अपमान झाला काय? उलट ज्याचा ताळा घेतला जातो त्याचाच शब्द टिकतो. आता आमचे दादा मुकादमांवर जो विश्वास ठेवतील तो आधीपेक्षा पक्का असेल.

दुसरा आक्षेप घरचा आहे. एवढ्या मोठ्या संख्यांचा उपयोग काय? हाच प्रश्न मला बी.ए.बद्दलही विचारतात, म्हणून मला त्याची सवय आहे. उपयोग सांगता येतो. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे महाकठीण. कोलना तीन वर्षांचे रविवार लागले ते त्यामुळेच. या अवघडपणावर तीन गणितज्ञांनी १९७७ साली गुप्त संदेशांचे एक कुलूप तयार केले, आणि तसल्या कुलुपांनी पुढे बँकांचे व्यवहार सांभाळले. गंमत अशी, की लुकासची ती प्रसिद्ध संख्या अशा कुलुपाला चालत नाही, कारण ती साऱ्या जगाला ठाऊक आहे. तेव्हा ती निरुपयोगीच म्हणा. पण १८७६ साली लुकासपुढे बँक नव्हती. खरे काय आहे, एवढेच त्याला पाहायचे होते. आणि ‘खरे काय आहे’ हे पाहण्याची रीत एकदा हाती आली, की ती एकोणचाळीस अंकी संख्येवर चालते तशी पत्र्याच्या डब्यावरही चालते. डब्यासाठी म्हणून मी ती शिकले नव्हते. शिकले म्हणून डबा उघडता आला.

आणखी एक सांगते. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे नक्की ठरविण्याची, आणि संख्या कितीही वाढली तरी आटोक्यात राहणारी अशी पद्धत २००२ साली प्रथम शोधून काढली ती आपल्याच देशात, कानपूरच्या आय.आय.टी.त. मणींद्र अग्रवाल हे प्राध्यापक आणि नीरज कयाल व नितीन सक्सेना हे त्यांचे दोन तरुण विद्यार्थी यांनी मिळून. ‘हे आपल्याच्यानं व्हायचं नाही’ असे तिथे कोणीतरी म्हटले असते आणि त्या दोघांनी ते ऐकले असते तर!

मी काही आता गणितज्ञ होणार नाही. माझा विषय मराठी आहे आणि तोच मला प्रिय आहे. पण माझी महाविद्यालयाला एक विनंती आहे. प्रथम वर्ष कलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला महिन्यातून एक तास ‘पडताळणीचा तास’ म्हणून द्यावा. त्यात कधी आकडा घ्यावा, कधी कवितेची ओळ, कधी सनावळी, कधी वर्तमानपत्रातली बातमी, आणि ती खरी की खोटी ते मुळाशी जाऊन पाहावे. त्याला गुण नसले तरी चालतील. आमच्यासारखी मुले-मुली घरी जातील तेव्हा प्रत्येकाच्या घरी एखादा डबा असतोच. कोणाच्या घरी सावकाराच्या चिठ्ठ्यांचा, कोणाच्या घरी सात-बाराच्या उताऱ्यांचा.

आणि ज्या लहान बहिणींना, भावांना कोणी ‘हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही’ असे सांगितले असेल, त्यांना एवढेच सांगते, की सिद्धता मागा. मेर्सेनच्या यादीला तीनशे तीन वर्षे लागली. आपल्याला तेवढा वेळ नाही. एका रविवारी, वहीची चार पाने घेऊन सुरुवात करा. पहिल्यांदा चुकेल. हातचा शोधा.

आईदादा आता फडावर आहेत. या वेळी जाताना आईने डब्याबरोबर माझी एक कोरी वही नेली आहे. पावती मिळाली, की गाडीशेजारच्या कोणा शिकलेल्या पोराकडून ती आकडा लिहून घेते. फोनवर परवा म्हणाली, ‘तुझ्या मुकादमीणबाईला सांग, आजच्या दोन खेपा झाल्या.’ ही मुकादमीणबाई म्हणजे मीच! मी आकडे उतरवून घेतले, तिला परत वाचून दाखविले, आणि मगच फोन ठेवला.